आपण म्हणजे कोण

३ मार्च, सोमवार

नव्या कारखान्याचं प्रमुखपद मला देऊ केलंय! मोठे साहेब म्हणाले, 'इतकी वर्षं रंगांची प्रयोगशाळा सांभाळलीत, आता अख्खा कारखाना सांभाळा.' याआधी दोनदा अशी खुर्ची माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोरांना दिली, तेव्हा हे वाक्य कुठे होतं? विचारलं नाही. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. शहर लांबचं, ओळखीचं कुणी नाही. या वयात नवं घर, नवे शेजारी, नवी भांडणं.

४ मार्च

यंत्रदुरुस्तीचे पानेसाहेब प्रयोगशाळेत आले. (खिशात कायम पाना, म्हणून पानेसाहेब.) काही बिघडलेलं नव्हतं, तरी आले. हल्ली असं बरेचदा होतं आणि मी हटकत नाही. वाळत ठेवलेल्या पत्र्याला बोट लावलं – रंग ओला! मग म्हणाले, 'नव्या कारखान्यात आपण जायलाच हवं.'

आपण!

एरवी मला 'तुम्ही' म्हणतात. विधुर माणूस, शब्द मोजून वापरणारा. उगाच बोलायचा नाही.

धाकट्या बहिणीला फोन केला. 'ताई, ही सरळ मागणी आहे! तू काय म्हणालीस?'

'बोट धुऊन घ्या, म्हणाले.'

'धन्य आहेस!'

५ मार्च

होकार कळवला. राहायला घर मोठं बघा म्हणून सांगितलं. 'मॅडम, एकट्याला तीन खोल्या?' – कारकून. म्हटलं, तुम्ही घर बघा.

६ मार्च

झालं हसं.

पानेसाहेब जिन्यात भेटले. विचारलं, 'तुमच्या बदलीचं काय? अर्ज केलात?'

'कसला अर्ज?'

'आपण जायचं म्हणालात ना!'

'हो, आपण. म्हणजे तुम्ही! आता प्रमुख होणार, तर नुसतं तुम्ही म्हणणं बरं दिसेना...'

कान तापले. त्यांना ढवळणीयंत्राचा पट्टा बदलायला सांगितलं. पट्टा नवाच होता. निमूट बदलून गेले.

बहीण म्हणते, 'उद्यापर्यंत मुदत आहे, नाही म्हणून टाक. आता कुणासाठी जातेस?'

७ मार्च

त्या 'कुणासाठी'वर दिवसभर अडले. जन्मभर रंगांची छटान् छटा तपासली आणि एका सर्वनामावर तीन खोल्या मागितल्या! माणूस ऐकायचं ते ऐकतच नाही, हवं ते ऐकतो.

पण मला नक्की हवं काय होतं? खुर्ची. ती पहिल्या दिवसापासून हवी होती. सोबत कुणी आहे म्हटल्यावर 'हो' म्हणायची लाज वाटली नाही, एवढंच. बाईने स्वतःच्या महत्त्वाकांक्षेवर कसलं तरी पांघरूण घालायचं, हे मला कोणी शिकवलं कोण जाणे! शिकले मात्र नीट.

माणूस आवडला होता, हेही खरं. ते खरं राहू दे. पण त्याची आणि कामाची सरमिसळ नको. दोन रंग एका डब्यात ओतले की दोन्ही जातात.

होकार कायम. मुदत संपली. खोल्या तीनच.

२ एप्रिल

नव्या कारखान्यातली रंगाची पहिली खेप. निळा एक छटा फिका आला. पुन्हा करायला लावला.

'मॅडम, गिऱ्हाइकाला कळायचंसुद्धा नाही!'

'मला कळलंय.'

कुरकुर झाली. मी यंत्रापाशी उभीच राहिले. दुसऱ्यांदा निळा नेमका आला, तेव्हा कुरकुरणाराच आधी हसला. पाय सुजलेत. कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

११ एप्रिल

बहिणीचा फोन. 'करमतं का?' करमायला वेळ कुठाय!

१९ एप्रिल

दुरुस्ती विभागासाठी अर्ज आले. एक पानेसाहेबांचा. इथे हुद्दा खालचा, पगारही कमी – त्यांना ठाऊक आहे.

मुलाखत घेणाऱ्यांतून मी माझं नाव काढायला सांगितलं. कारकुनाने विचारलं, 'मॅडम, कारण काय लिहू?'

म्हटलं, 'खाजगी.'