मशीनवरचा हार

बाबा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मळणीच्या मशीनवरचा झेंडूचा हार काढून ठेवणारे अख्ख्या इब्रामपुरात तुम्ही एकटेच. बाकीच्यांचे हार ट्रॅक्टरवर, स्कूटरवर सुकून आपोआप गळेपर्यंत राहायचे. पूजेचा हार हाताने काढायचा नाही, असं आईचं म्हणणं होतं आणि घरात तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. तुम्ही मात्र खळ्यावर जाऊन हार उतरवायचात, फणसाच्या फांदीला अडकवायचात, पट्ट्यावरची जाळी हलवून बघायचात, लुंगी सोडून हाफ पँट चढवायचात आणि मगच इंजिनाला हात लावायचात. आई फणफणायची, ‘‘देवाचो हार असो काडटत? कितें तरी जातलें.’’ तुमचं उत्तर ठरलेलं, ‘‘हार फाल्यां परतो घालूंक मेळटा. बोट मेळना.’’

एकदा मी तुमच्यासाठी चहा घेऊन चालू मशीनपाशी आले, ओढणी मोकळी सोडून. तुम्ही इंजिन बंद केलंत आणि पेंढ्या देणाऱ्या बायकांसमोर मला असं झापलंत की मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. चहा मात्र तुम्ही गार झालेला तसाच प्यायलात. आज तो ओरडा आठवला की मला तुमच्याविषयी फार माया वाटते.

मग एका वर्षी दसरा झाला, तुम्ही हार काढलात आणि दिवाळीनंतर काविळीने गेलात. आईने सगळा दोष त्या हारावर टाकला आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिली. काविळीचा झेंडूशी काही संबंध नाही हे मला कळत होतं, पदवी घेतलेली बाई मी. तरीही दर दसऱ्याला मला आईचंच बोलणं आठवायचं. तुमचा जावई मात्र तुमच्याच तालमीत तयार झालेला. गेली सगळी वर्षं तो मला न विचारता गुपचूप हार काढून ठेवत होता आणि मी न बघितल्यासारखं करत होते.

यंदा हार मीच म्हापशाच्या बाजारातून आणला. तुम्ही केळीच्या सोपटाच्या, सुकल्या सालीच्या दोरीत फुलं ओवायचात, ती जरा ओढली की तुटायची. हल्लीचे हार नायलॉनच्या दोऱ्यातले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खळ्यावर जातो, पेंढ्या द्यायला दोन बायका आहेत, तुमचे जावई हार काढायला वाकतात. यंदा मी नेमकी बाजूलाच उभी. मी आईसारखीच अडवून म्हणते, ‘‘रावूं दी तो. बाबांचें कितें जालें तें पळयलें न्हय?’’ हे माझ्याकडे बघून हसतात आणि हात मागे घेतात. मशीन सुरू झालं. थोड्या वेळाने हाराचं टोक जाळीच्या फटीतून पट्ट्यात गेलं. इंजिन बंद करायचं सोडून ह्यांनी हार ओढायला हात घातला, दोरा बोटांना गुंडाळला गेला आणि आवळला. एका बाईने धावत जाऊन इंजिन बंद केलं. मी जागची हललेसुद्धा नाही. उजव्या हाताची दोन बोटं गेली, बाबा.

आता हे घरी आहेत. डाव्या हाताने चमच्याने पेज खातात, अंगावर सांडली की माझीच चेष्टा करतात, म्हणतात की भरवायची हौस फेडून घे. गावातले लोक बघायला येतात, कसं झालं विचारतात. हे सगळ्यांना एकच सांगतात, ‘‘म्हजीच चूक. हार काडूंक विसरलों.’’ काल शेजारीण माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘तुज्या बापायन इतलें शिकयलें आनी हो विसरलो मगे?’’ मी चहा गाळत होते, गाळतच राहिले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते मला ठाऊक आहे. ज्याला हे सांगायला हवं तो माणूस पलीकडच्या खोलीत जागा आहे, मघाशी त्याने पाणी मागितलं. मी पाणी देऊन आले आणि पुन्हा तुम्हालाच लिहायला बसले.