ओसरीवरचे पक्षी

तलवाडा

प्रिय तेजू,

पत्र बघून दचकू नकोस. फोन केला असता, पण तुझे अण्णा दिवसभर ओसरीवर असतात आणि त्यांचे कान आता लई तीक्ष्ण झालेत. मी चुलीपाशी पुटपुटले तरी त्यांना ऐकू जातं.

पुण्याच्या प्रदर्शनात अण्णांचे मातीचे पक्षी मांडणार असं तू म्हणालीस, तेव्हापासून माणूस मातीतून उठत नाही. गेवराईच्या भंगारवाल्याकडून मी सायकलच्या तारा, छत्रीच्या काड्या, मोडके कोयते आणून देते. पक्षी भाजून निघाला की टिटवीला तारांचे पाय, मोराला कोयत्याच्या पात्यांची शेपूट. बोटानं वाजवून बघतात, खणखणीत वाजतो. हात तोच आहे गं अजून.

गेली ती नजर. मोतीबिंदू आहे, पिकला की काढू, म्हणून आपण थांबलो. इथं सगळे तसंच थांबतात. मागच्या महिन्यात बीडला नेलं तर डॉक्टर म्हणाले, हा काचबिंदू, हा पिकत नसतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. तुला कळवू नको अशी शपथ घातली त्यांनी मला. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. अजूनही सकाळी चष्मा पुसून घालतात.

पूर्वी अण्णांचा पक्षी आपल्याकडे बघायचा. लहानपणी तू घुबडावर फडकं टाकून झोपायचीस. आता एक डोळा हिरव्या बांगडीचा, दुसरा गुलाबी बटणाचा, एक आभाळात लागलेला, एक जमिनीत. गेरूचे पट्टे पंखावरून घसरून पायावर आलेत. ओसरी भरलीय अशा पक्ष्यांनी. मी मागून एक डोळा नीट बसवला, तर बोट फिरवून लगेच म्हणाले, हा हात माझा न्हाई.

त्यांना शंका आहेच. जमलेत का, असं विचारलं, तर मी छान म्हटलं. हसले. म्हणाले, "अंजे, तुला तर माझं समदंच ग्वाड लागतंय. तेजीला येऊ दे. ती तोंडावर सांगती. ती न्हाई म्हणली तर भट्टी मोडून टाकू."

तू रविवारी येतेस, म्हणून आज लिहायला बसले. पोरी, खोटं बोल, एवढंच लिहायचं होतं. पण तुझं खोटं ते आवाजावरून ओळखतील. आणि खरं बोललीस, तर सोमवारपासून त्या हातांनी करायचं काय, ते मला सुचत नाही. माझी मतीच चालेना. काय बोलायचं ते तूच ठरव, मी दोष देणार नाही. फक्त ओसरीवर आल्यावर गप्प उभी राहू नकोस. तू गप्प राहिलीस, तर त्यांना काही विचारायची गरजच उरणार नाही.

तुझीच,
आई