गठुडीवरचा पहारा

बारके,

थोरल्या बहिणीचा तुला आणि तुझ्या नव्या गुडघ्याला आशीर्वाद. गुडघा वाकतो का, जिना उतरतेस का, आणि लेकीच्या घरी पाहुणीसारखी राहतेस की तिथेही तिच्या भांड्यांचे कप्पे बदलायला घेतलेस, ते सविस्तर कळव. तुझी मांजर जिवंत आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण तू पत्राची पहिली ओळ वाचून रडायला बसतेस आणि चष्मा पुसण्यात पुढचं वाचायचं राहून जातं. गठुडी जिवंत आहे, जेवते आहे. आता पुढचं बसून वाच. (तू बसलेलीच असशील म्हणा.)

फोनवर मी "मजेत आहे, मजेत आहे" म्हणत होते ती थाप होती. तू टाके घालून पडलेली, तुला काय सांगणार कपाळ. निघताना तू तिला माझ्या मांडीवर ठेवलंस आणि म्हणालीस, ताई, घरी परतल्यावर दाराशी यायला मला हिच्याशिवाय कोणी नाही. तुझं ते बोलणं मला रोज आठवायचं. मला मांजरांचं कौतुक नाही, केस काढता काढता जीव जातो, पण कुणी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू सांभाळावी लागते. आणि ही वस्तू एके दिवशी बशीकडे पाठ करून बसली. मला वाटलं, तुझ्या लाडाने शेफारलेली आहे, पोटात कावळे ओरडले की येईल मुकाट. नाही आली. कपाटामागे जाऊन बसली. मग सून (शिवणाच्या मशीनवरून उठून हिची वाळूची पाटी तीच साफ करते, मला वाकवत नाही) म्हणाली, आई, पाटीत बरेच दिवस काही सापडलेलं नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की आत काही जात नाही कारण बाहेर काही येत नाही.

आता तुझा भाचा तुला ठाऊक आहे. खोक्यांच्या कारखान्यात माणसांच्या पाळ्या लावतो, त्याला घरातही पाळ्या लावल्याशिवाय करमत नाही. त्याने पाटी मागच्या खोलीतून उचलली आणि बाहेरच्या खोलीत मधोमध, मशीनशेजारी आणून ठेवली, म्हणजे कसं, लक्ष राहील. सकाळची पाळी माझी, दुपारची सुनेची, संध्याकाळची त्याची. मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. मी पोरं वाढवली ती अशीच. भांड्यावर बसवायचं, समोर स्टूल टाकून आपण बसायचं, आणि काम झाल्याशिवाय उठू द्यायचं नाही. सगळी पोरं धडधाकट आहेत. (थोरला जरा चिडका आहे, पण तो त्याच्या बापावर गेला.)

तर गठुडी बिचारी यायची, वाळू उकरायची, बूड टेकायची, आणि मान वर करून बघायची. समोर स्टुलावर मी. बाजूला सुनेचं मशीन खडखडतंय. वरून हा मोबाईलचा दिवा मारतोय आणि म्हणतोय, चल बाळ, कर. सून म्हणाली, अहो, तुम्ही बघू नका तिच्याकडे. तर हा म्हणतो, मग कळणार कसं? मी आपली तिला धीर यावा म्हणून लहान पोरांसमोर कुंथून दाखवतात तसं कुंथून दाखवत होते. आई, हळू, शेजारी ऐकतील, असं त्याने मलाच सांगितलं. मांजर पाय झटकून परत कपाटामागे. असं चाललं. एक दिवस तिने फेस ओकला आणि आडवी पडली. उचलली तर पिसासारखी हलकी, पोट तेवढं दगड. मी एरंडेलाचा चमचा भरलासुद्धा होता. सुनेने तो हातातून काढून घेतला आणि टॉवेलात मांजर गुंडाळून चपला घातल्या. तिचं हे एक काम मी तिच्या तोंडावर चांगलं म्हटलं, आता वर्षभर दुसरं म्हणणार नाही.

जनावरांची डॉक्टरीण नातीच्या वयाची आहे, पण हात अनुभवी. पोट चाचपलं आणि विचारलं, लघवी होते का? तुझा भाचा छाती काढून म्हणाला, सकाळच्या पाळीत एकदा. तिने विचारलं, पाळीत म्हणजे? मग सगळं बाहेर आलं. एरंडेलाचंही. ते फुफ्फुसात गेलं असतं तर, एवढंच ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, आजी, तुमच्यासमोर कोणी असं स्टूल टाकून बसलं तर तुम्हाला होईल का? कोंडून धरलं हिने. मांजरच काय, कोणीही धरेल. तुझा भाचा शेजारी उभा राहून मोठ्या समजूतदारपणे मान हलवत होता.

तिला आत नेली, एनिमा द्यायचा म्हणून. मी बाकावर बसले आणि तुला फोनवर काय सांगायचं ते मनात जुळवत होते. एकही वाक्य पुरं होईना. मग दार उघडलं, आधी वास आला, मागून डॉक्टरीण. आयुष्यात इतक्या आनंदाने मी नाक दाबलं नव्हतं.

आता पाटी पुन्हा मागच्या खोलीत आहे, खोलीखोलीत पाण्याच्या वाट्या आहेत (मी दोनदा लाथाडल्या), ओलं खाणं कोमट करून द्यायचं, पातळ औषध द्यायचं, आणि बघायचं नाही. परवा आम्ही जेवायला बसलो होतो आणि आतून वाळू उकरल्याचा आवाज आला. सुनेचा घास हातात राहिला. कोणी हललं नाही. मग गठुडी शेपटी वर करून बाहेर आली आणि थेट बशीशी जाऊन बसली. तुझा भाचा आत जाऊन बघून आला आणि दोन बोटांनी लांबी दाखवली. ताटावर बसलो होतो, तरी कोणी नाक मुरडलं नाही. मी तर आणखी एकदा वाढून घेतलं.

सावकाश ये. तुझी ठेव चाटूनपुसून परत करीन.

तुझी,
ताई

ता. क. तुझ्या घरी हिची पाटी टीव्हीखाली असते. तिथून हलव. तूही बघत बसत असशील.

दुसरा ता. क. खरं तर पत्र यासाठी लिहायला घेतलं. मला मध्ये जरा चक्कर आली, तेव्हापासून तुझ्या भाच्याने संडासाची आतली कडी काढून टाकली आहे. मी आत गेले की हा दाराबाहेर खुर्ची टाकून बसतो आणि विचारतो, आई, झालं का? सून म्हणते, अहो, त्यांना घाई करू नका, आणि स्वतः तिथेच उभी. मांजराचं त्याला पटलं, आईचं सुचत नाही. परवाचा तो दिवस सोडला तर माझं जेवणही हल्ली बेताचंच आहे. फोनवर सांगावं तर तो शेजारीच असतो. तो तुला घाबरतो, तेव्हा त्याला कडी बसवायला सांग, आणि मी कळवलं म्हणू नकोस. गठुडीने कळवलं म्हण.