हवेचं भाडं

दादा, परवा नातीनं एक खोकं परदेशी पाठवायला काढलं. तिच्या मैत्रिणीला तिकडे बाळ झालंय. मी शिवलेली गोधडी आणि चार झबली त्यात भरली होती. कुरिअरचा मुलगा आला, त्यानं खोकं काट्यावर ठेवलं, मग टेप काढून लांबी, रुंदी, उंची घेतली, मोबाइलवर आकडे मारले आणि काट्यावर दिसत होतं त्याच्या दुपटीहून जास्त वजन सांगितलं. नात चिडली. काटा समोर दिसतोय आणि तुम्ही भलतंच सांगता, असं म्हणायला लागली. मी आतून आले आणि तिला म्हणाले, अगं, तो जागेचं भाडं मागतोय. गोधडी दाबून घडी घाल, सुतळीनं आवळ आणि लहान खोकं घे. तिनं तसं केलं. मुलानं पुन्हा टेप लावला, आकडा खाली आला. आजी, हे तुला कुठून माहीत, असं तिनं विचारलं. माझ्या वडिलांकडून, म्हणजे तुमच्याकडून, एवढंच मी सांगितलं. तिला कामावर जायची घाई होती, बोलणं तिथंच थांबलं. माझं मात्र आतल्या आत चालूच राहिलं, म्हणून हा कागद घेऊन बसले.

आता मी पुण्याजवळ नांद्याला लेकाकडे असते. खिडकीतून उंच इमारती दिसतात, मागे भाताची चार खाचरं अजून तग धरून आहेत. माले गावातलं आपलं घर मात्र डोळ्यांसमोर जसंच्या तसं आहे आणि त्यातली ती वर्षंसुद्धा, जेव्हा आई मधल्या खोलीत खाटेवर होती. भाताचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून उतरताना तिचा पाय घसरला आणि कमरेखालचं सगळं गेलं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातून तिला परत आणली तेव्हा डॉक्टरांनी तुम्हाला बाजूला घेऊन काय सांगितलं, ते तुम्ही कधी बोलला नाहीत. तुम्ही मुंबईला गोदीतल्या एका क्लिअरिंग एजंटाकडे कारकून होता. बोटीनं आलेला माल सोडवायचा, बोटीचं भाडं, विमा, जकात, धक्क्याचा आकार यांची बेरीज करून शेटजींना माल घरात किती रुपयांना पडला ते सांगायचं, हे तुमचं काम. सुट्टी मिळेल तेव्हा गाडीनं पुण्याला, तिथून एसटीनं पौड आणि पुढं माले. मी गावातल्याच शाळेत मास्तरीण होते. सकाळी आईचं सगळं आवरून शाळेत जायचे, मधल्या सुट्टीत येऊन तिला कूस बदलून द्यायचे. ती खाटेवरून मला स्वयंपाक सांगायची. मीठ किती, जाळ किती. मला राग यायचा आणि तिला माझ्यापेक्षा जास्त यायचा.

मामा बोटीवर खलाशी म्हणून चढला होता आणि विलायतेतल्या एका बंदरात राहिला होता. त्यानं लिहिलं की इकडं पांगळ्या माणसांसाठी चाकांची खुर्ची मिळते, हातानं चाक फिरवून माणूस आपला आपण घरात हिंडतो. मी पैसे साठवलेत, बहिणीसाठी घेतो, पाठवायचं तुम्ही बघा. तुम्ही गावी आलात तेव्हा पत्र मी वाचून दाखवलं. आई भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. तुम्ही चुलीपुढची राख मुठीत घेतलीत आणि जमिनीवर एक चौकोन आखलात, मग कणगीला उंचीची खूण केलीत. एवढं खोकं येणार, म्हणालात. दुकानदार खुर्ची उभीच्या उभी पेटीत घालतो. मी म्हणाले, पण खुर्ची तर हलकी असेल, मामानं लिहिलंय, एका माणसाला उचलते. तेव्हा तुम्ही मला समजावून सांगितलंत, आणि पुढं आयुष्यात मी कितीतरी पोरांना गणित शिकवलं तरी इतकं सोपं मला कधी सांगता आलं नाही.

"गाडीत भाताचं पोतं टाकलं काय अन् तुसाचं टाकलं काय, जागा तेवढीच जाती," तुम्ही म्हणालात. "तुसाला वजन न्हाई म्हनून गाडीवाला फुकट न्हेईल का? बोटीचं तसंच हाय. चाळीस घनफूट जागा म्हंजे एक टन धरत्यात. वजन करत्यात, माप बी घेत्यात, अन् जे जास्त भरंल त्याचं भाडं लावत्यात."

राखेच्या त्या चौकोनात तुम्ही मला उभी केलीत. माझ्याभोवती कितीतरी जागा मोकळी राहिली. हे सगळं हवेचं भाडं, तुम्ही म्हणालात, आणि तेवढ्यावर भागत नाही. वस्तूची किंमत, बोटीचं भाडं आणि विमा या तिन्हींची बेरीज होते आणि जकात त्या बेरजेवर बसते. म्हणजे भाडं वाढलं की त्या वाढीव भाड्यावरसुद्धा जकात. खुर्ची भेट म्हणून आली तरी कुणाला सुटका नाही. मग तुम्ही मामाला सविस्तर लिहिलंत. चाकं काढा, पाठ आणि बैठक सोडवा, सगळं चपटं बांधा, नटबोल्ट पिशवीत घाला. पेटी कितीची करायची तेही कळवलंत. पहिल्या मापाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाची ती पेटी होती. तुम्ही हिशेब करत होता तेव्हा तुमचा चेहरा किती उजळला होता. आई पडल्यापासून तिच्यासाठी करता येण्यासारखं पहिल्यांदाच काही तुमच्या हाती आलं होतं, आणि ते नेमकं तुम्हाला येत होतं.

पेटी मुंबईला लागली तेव्हा तुम्ही तार करून मला बोलावून घेतलंत, कारण आईच्या डॉक्टरांचा दाखला हातात हवा होता. आईला शेजारणीवर सोपवून मी आले. गोदी मी पहिल्यांदाच पाहत होते. शेडमध्ये सुतळीचा आणि ओल्या लाकडाचा वास, वर लोखंडी छप्पर, एवढ्या मोठ्या जागेत तुम्ही मला फार लहान दिसलात. जकातीचे साहेब आले, पेटी फोडायला लावली. पेंढ्यात गुंडाळलेली दोन मोठी चाकं निघाली, आऱ्यांची, रबरी धावांची, मग दोन लहान चाकं, मग नळ्या. साहेबांनी एक चाक हातात घेऊन गरकन फिरवलं आणि कागद बाजूला ठेवला. हे सायकलचे सुटे भाग आहेत, म्हणाले. त्याची जकात वेगळी, त्याला परवाना वेगळा लागतो आणि तो तुमच्याकडे नाही. परवान्याशिवाय आलेला माल सरकारजमा होईल.

तुमचा चेहरा मी तेव्हा पाहिला. भाडं वाचवायला तुम्हीच ती सुटी करायला लावली होतीत. डॉक्टरांचा दाखला मी पुढे केला. साहेब तो वाचून म्हणाले, बाई, यात खुर्ची लिहिलीय, आणि मला इथं खुर्ची दिसत नाही. ते वाईट माणूस नव्हते, त्यांच्यापुढे रोज लोक काहीतरी खोटं ठेवत असणार. तुम्ही म्हणालात, "साहेब, थोडा वेळ द्या, दाखवतो." आणि कोट काढून त्या ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसलात.

दादा, तुम्ही तसली खुर्ची कधी पाहिली नव्हतीत. हातानं करायची कामं तुम्हाला जमायची नाहीत, घरी खाटेचं दोरखंडसुद्धा आई आवळायची. पिशवीतले नटबोल्ट तुम्ही धोतरावर ओतलेत. पहिलं चाक उलटं बसलं, ते काढलंत. एका हमालानं कुठून तरी पाना आणला, दुसऱ्यानं नळ्या धरल्या. साहेब दुसऱ्या पेट्या तपासायला गेले आणि परत आले तरी तुमचं चाललेलंच. सदरा घामानं पाठीला चिकटला होता. मी जवळ बसून एकेक बोल्ट हातात देत होते. तुमच्या इतक्या जवळ मी लहानपणानंतर बसले नव्हते. शेवटी ती उभी राहिली, थोडी डावीकडे कललेली, पण खुर्ची. तुम्ही मला म्हणालात, "बस, बाय." मी बसले. लाजेनं मान वर होईना. तेव्हा साहेब मागे आले, त्यांनी स्वतः दांडे धरले आणि मला शेडच्या दारापर्यंत ढकलत नेऊन परत आणलं. मग टेबलावर जाऊन कागदावर लिहिलं, पांगळ्यांसाठी खुर्ची, एक. तुम्ही रुमाल काढून तोंड पुसत राहिलात, बराच वेळ.

घरी आणली त्या दिवशी अंगण भरलं होतं. आईला आपण उचलून खुर्चीत बसवलं, तिनं चाकांवर हात ठेवले, आपली आपण खोलीच्या मध्यापर्यंत आली आणि अडली. स्वयंपाकघराचा उंबरा. तुम्ही आणि मी खुर्ची उचलून पलीकडे ठेवली. आई चुलीपाशी गेली. वाकून पाहिलं. हात खाली लांब केला, आणखी केला. चूल जमिनीवर, ती वर खुर्चीत. लोकांना वाटत होतं ती हसेल नाहीतर रडेल.

"हितनं चूल नुसती दिसती," ती म्हणाली. "मला खाटंवर न्या."

अंगण हळूहळू रिकामं झालं. तुम्ही बाहेरच्या ओट्यावर बसून राहिलात. बंदरापासून मालेपर्यंतचं प्रत्येक माप तुम्ही घेतलं होतं, ट्रकमध्ये पेटी कशी आडवी पडेल तेसुद्धा. आपल्या घरातल्या चुलीची उंची मात्र कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. माझ्याही नाही, आणि मी तर रोज त्या चुलीपुढं बसत होते. मी चहा आणला, तुम्ही तो तसाच ठेवलात.

सकाळी मी उठले तर तुम्ही ओढ्याकडून दगड आणत होता. दगड, माती, तूस, शेण. खुर्चीत मला बसवून माझ्या कोपरापर्यंतची उंची घेतलीत, मग म्हणालात, तुझी आई तुझ्याहून बुटकी आहे, आणि चार बोटं कमी केलीत. रजा वाढवून मागायला पौडला जाऊन तार केलीत. स्वयंपाकघरात भिंतीला लागून ओटा उभा राहिला, त्यावर चूल, आणि खाली पोकळी ठेवलीत, खुर्चीत बसलेल्या माणसाचे पाय आत जावेत म्हणून. गावात तोवर सगळ्या बायका खाली बसूनच रांधायच्या. शेजारणी येऊन बघून जायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. मग तुम्ही करवत घेऊन उंबऱ्याशी बसलात. आईनं खाटेवरून पाहिलं.

"त्याला हात लावू नगा," ती म्हणाली. "माप वलांडून आली म्या त्याच्यावरनं."

तुम्ही करवत खाली ठेवलीत. घराच्या मागे विलायती पेटीच्या फळ्या पडल्या होत्या, त्या आणून उंबऱ्याच्या अलीकडे आणि पलीकडे उतरत्या ठोकल्यात. उंबरा राहिला आणि त्याच्यावरून वाटही झाली. त्या फळ्यांवर बोटीचे काळे इंग्रजी शिक्के होते, माझा लेक पुढं त्यावरूनच इंग्रजी मुळाक्षरं शिकला.

आईनं पहिली भाकरी केली ती तांदळाची. भाकरी एका बाजूला जाड झाली आणि कडेला करपली. तिनं ती तुमच्या ताटात टाकली आणि चाकं फिरवून पुन्हा चुलीकडे वळली, आपल्याकडे पाठ करून. तुम्ही जेवत होता. थोड्या वेळानं ती तशीच, मागं न बघता म्हणाली, "आनखी एक घेतलीच पायजे." तुम्ही घेतलीत. मग मला ओरडली की जाळ कमी कर, मीठ कुठं ठेवलंयस, हे काय घर ठेवलंयस. तिचं ते ओरडणं ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी परसात जाऊन रडले.

पुढं तुम्ही फार वर्षं जगला नाहीत. मुंबईहून निरोप आला, तुम्हाला आणलं ते गाडीतूनच. आई दारापर्यंत आपली आपण आली, फळीवरून. ती त्यानंतर खूप जगली. खुर्चीच्या धावा झिजल्या तेव्हा पौडच्या सायकलवाल्या चाचांनी सायकलचं रबर कापून बसवलं, आरे बदलले, बेअरिंगही सायकलचंच घातलं. शेवटी शेवटी त्या खुर्चीत मूळचं फार थोडं उरलं होतं. साहेबांना त्या दिवशी जे दिसलं ते अगदीच खोटं नव्हतं, असं आई म्हणायची आणि हसायची. तुमची आठवण काढताना ती गोदीचीच गोष्ट सांगायची, जी तिनं पाहिली नव्हती, माझ्याकडून ऐकली होती. पण सांगताना ती इतक्या तपशिलानं सांगे की मलाच वाटायचं, तिथं ती होती आणि मी नव्हते.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. नातीला वाचायला दिला तर ती प्रेमानं वाचेल आणि कुठंतरी टाकेल, म्हणून नकोच. तुम्हाला एकच सांगायचं राहिलंय. आईचा आवाज मला अजून ऐकू येतो, झोपेतसुद्धा. तुमचं बोलणं शब्दन् शब्द आठवतं, राखेचा चौकोन आठवतो, तुमच्या सदऱ्याची शिवण आठवते. पण तुमचा आवाज आठवत नाही, दादा. कधी गेला ते कळलं नाही. वर जे जे तुम्ही बोललात म्हणून लिहिलंय, ते सगळं मला माझ्याच आवाजात ऐकू आलं.