दाजीकाकांच्या टॅक्सीचे बदली इंजिन

आचरा, शनिवार, ४ नोव्हेंबर १९६७

आजवर झाले ते क्रमाने:

१. जूनमध्ये, मी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा घेऊन मुंबईहून परतले त्याच आठवड्यात, दाजीकाकांच्या टॅक्सीचे इंजिन कायमचे गेले. पिस्टनला भोक.
२. पावसाळाभर गाडी इंजिनाविना मांगरात, घरामागच्या छपराखाली उभी. सायलेन्सरच्या नळीत उंदीर आणि खारी हवा शिरू नये म्हणून मी नारळाचे सोडण कापून, हातोडीने ठोकून तिचे तोंड बंद केले. ही खबरदारी दुसऱ्या कोणाला सुचली नव्हती.
३. मुंबईहून जुने, दुरुस्त केलेले बदली इंजिन बोटीने मालवणला आणि तिथून बैलगाडीने इथे आले.
४. काल ते मी बसवले.
५. सुरू होत नाही.

यापुढे रोजनिशी नियमित. मागची पाने मात्र चाळायची नाहीत. नोंद झाली की विषय संपतो.

मी इथे दाजीकाका आणि विमलाकाकूकडे राहते. बाबा खारेपाटणला शिक्षक. माझ्याशी पत्रानेच बोलतात. त्यांची अट: गाडी माझ्या हातून सुरू झाली तर पुण्याच्या कारखान्यातली शिकाऊ जागा घ्यायची, नाहीतर इथल्या शाळेत गणित शिकवायचे. कारखान्याला होकार २७ तारखेपर्यंत हवा आहे. गाडी सुरू करायला मी येता मंगळवार धरला आहे. जास्त दिवस धरणे म्हणजे स्वतःवर अविश्वास.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

दोनदा खोकते आणि मरते. पेट्रोल येते, ठिणगी पडते. म्हणजे टायमिंग, ठिणगीची वेळ, चुकते आहे.

दाजीकाका म्हणाले, "नीरू, गाऱ्हाणा घालूया गो. एक नारळ देवाक दिलो की झाला." मी सांगितले, ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला नारळ लागत नाही. "मगे त्येका काय व्हया तां तरी सांग," ते म्हणाले. "तां आणतंय."

गुरुवार, ९ नोव्हेंबर

टायमिंग तीनदा लावले. निष्कर्ष: पहिलेच बरोबर होते.

इंजिन फिरवायच्या हँडलने उलटा तडाखा दिला. अंगठा सुजला. विमलाकाकूने हळद लावता लावता विचारले, "मास्तरीण झालंस तर खडू धरूक अंगठो लागतलोच मा गो?" मी दुसऱ्या हाताने पाना उचलला.

शनिवार, ११ नोव्हेंबर, दुपारी ४

एसटीचा ड्रायव्हर गुरुदास मुक्कामाची गाडी लावून मुद्दाम आला. बॉनेट उघडले नाही, अवजार मागितले नाही. मान वाकडी करून दोनदा आवाज ऐकला. म्हणाला, "बाय, ह्येचो जीव घुसमटता."

घुसमट कशात मोजतात, असे मी विचारले. तो हसला, चहा प्यायला आणि गेला. अशा माणसांमुळेच या देशात यंत्रे मागे आहेत.

रविवार, १२ नोव्हेंबर

मुंबईच्या इंजिनवाल्यांना दोन पानी पत्र. इंजिन सदोष आहे हे सात मुद्द्यांत सिद्ध केले. सातवा मुद्दा विशेष चांगला उतरला.

बुधवार, १५ नोव्हेंबर

इंजिनाचे हेड, म्हणजे वरचे झाकण, उतरवले. व्हॉल्व्ह ठीक. सिलिंडर ठीक. सर्व ठीक असणे हेच संशयास्पद आहे. हेड चढवले.

कॉलेजच्या मासिकात एका नव्या इंजिनाबद्दल वाचले होते: पिस्टनच नाही, आतला भाग नुसता गरगर फिरतो. विरंगुळा म्हणून दाजीकाकांना सांगितले. ते म्हणाले, "आमचा उलटा आसा गो. इंजिन रवता थंयच, हँडल मारून गरगरतंव ते आमीच."

दिवाळीची भाडी गेली, लग्नाची तरी मिळावीत, असे ते काकूशी बोलताना ऐकू आले. माझ्यासमोर बोलत नाहीत. बोलले असते तर बरे.

सोमवार, २० नोव्हेंबर

इंजिनवाल्यांचे उत्तर. चार ओळी. "आपल्या सातही मुद्द्यांचा विचार केला. सायलेन्सर मोकळा आहे ना, एवढे पाहावे."

हा पहिल्या सहामाहीतला प्रश्न आहे. डिप्लोमाधारकाला विचारायचा नव्हे. उलट टपाली कळवले: मोकळा आहे. नळी तपासायला उठावे असे क्षणभर वाटले. तो मनाचा कमकुवतपणा म्हणून बसून राहिले.

बुधवार, २२ नोव्हेंबर

दाजीकाकांनी उद्या गाऱ्हाणे ठरवले आहे. मी परवानगी दिली. निरीक्षणासाठी हजर राहीन. नंतर इंजिन सुरू झाले नाही की हा विषय घरात कायमचा मिटेल.

मग माझ्या हातून गाडी कधी सुरू होणार, असे विमलाकाकूने विचारले. परवा, असे सांगितले.

गुरुवार, २३ नोव्हेंबर, सकाळी ११

घटना लिहिते.

गाडी अंगणात ढकलत आणली. नऊ माणसे जमली. दाजीकाकांनी बॉनेटवर नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले. "बा देवा महाराजा, ह्या चेडवान मुंबैक जावन शिकप केल्यान, त्या शिकपाक यश दी महाराजा!" सगळे: "व्हय महाराजा!" "कोणाकडून कायव चूकमाक घडली आसात, तर ती पोटात घाल महाराजा!" "व्हय महाराजा!" चूक कोणाची, हे त्यांनी सांगितले नाही. ते देवावर सोडले.

धुपासाठी निखारे हवे होते. बाहेरची सोडणे दवाने ओली. विमलाकाकू गाडीच्या मागे गेली आणि तिचा आवाज आला, "अरे, हयसर इतक्या सुक्या सोडण कोणी लपवन ठेवल्यान?" कोयतीने उपटून तिने ते धुपाटण्यात घातले.

माझा अंगठा सुजलेला, म्हणून हँडल दाजीकाकांनी मारले. एकदाच.

इंजिन सुरू झाले.

नऊही माणसे ओरडली. मी धुपाटण्याकडे पाहत होते. अर्धवट जळलेल्या सोडणावर माझ्या हातोडीची चौकोनी खूण होती.

दुपारी २

दाजीकाकांनी बाबांना कार्ड टाकले. मला वाचून दाखवले: "गाडी देवान सुरू केल्यान. नीरू बाजूक उबी होती." दोन्ही विधाने खरी वाटावीत अशी आहेत.

रात्री जेवणाआधी

रोजनिशीची मागची पाने चाळली. ४ नोव्हेंबर, मुद्दा क्रमांक दोन.

गप्प राहिले तर श्रेय देवाचे आणि माझ्या वाट्याला गणित. बोलले तर गाडी माणसाने सुरू केली हे सिद्ध होते. ती बंद ठेवणारे माणूसही मीच, हेही. बाबांना लिहायच्या पत्राचा पहिला मसुदा: "अडथळा बाह्य स्वरूपाचा होता." फाडला.

विमलाकाकूने भात वाढताना हळूच विचारले, "सोडण तुजाच मा गो?" मी होकाराची मान हलवली. "मी खंय बोलाक नाय," ती म्हणाली आणि आमटी जास्त वाढली. माझ्याने ती संपेना.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर, सकाळी ६

पाठवलेल्या पत्राची नक्कल:

ती. बाबांस सा. न.

दाजीकाकांचे कार्ड येईल. त्याला पुरवणी म्हणून हे. सायलेन्सरमध्ये सोडण मी जूनमध्ये ठोकले आणि विसरले. गुरुदासने सांगितले, मुंबईवाल्यांनी विचारले. मी वाकून पाहिले नाही. काल काकूने ते धुपासाठी उपटले आणि गाडी सुरू झाली. मुंबईवाल्यांची माफी आज मागितली. इंजिन मात्र मी एकटीने बसवले आहे आणि ते नीट बसले आहे. हे पत्र घेऊन दाजीकाका त्याच टॅक्सीने तुमच्याकडे येत आहेत. ते पोचले असतील तर तेवढा एक मुद्दा माझ्या बाजूने धरावा.

याला "माझ्या हातून" म्हणायचे की नाही, ते तुम्ही ठरवा. कारखान्याला तार करावी लागेल. तरी रविवार, २६ नोव्हेंबरपर्यंत हो किंवा नाही, एवढे उत्तर कळवावे.

नीरजा