कंदील नंबर बावीस

शिरूर,
८ मार्च १९९८

चि. सौ. अकिला हिस अब्बाकडून भरभरून दुवा. वि. वि.

इम्तियाजची पेटी काल आली. लीड्सच्या त्याच्या इंग्रज मित्राने पाठवली. पोर बर्फाच्या रस्त्यावर अपघातात गेलं तेव्हापासून मी या पेटीची वाट पाहत होतो. वाटलं, कपडे असतील, घड्याळ असेल. वर एक स्वेटर आहे आणि खाली सगळ्या काळ्या तबकड्या. नाश्त्याच्या बशीएवढ्या लहान. प्रत्येकीच्या मधे निळा कागद, त्यावर कंदिलाचं चित्र आणि नंबर. एकपासून एकतीसपर्यंत एकही नंबर सुटलेला नाही.

काही फुटलेलं नाही, हे आधी पाहिलं. तू हसशील, पण जन्मभर काकणं विकली, दुसरं काय पाहणार? कागदी पाकिटांत कसर लागेल म्हणून ती काढून ठेवली आणि तबकड्या मधल्या भोकातून काकणांच्या दांडीवर ओवून भिंतीला टांगल्या. शेजारच्या सोजराबाईंनी पाहून विचारलं, मामा, एक द्या की, माझ्या रांजणावर झाकण नाही. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

एक काळजी आहे. आपल्या घरावर पत्रा, आणि आता उन्हाळा. यांना ऊन सोसतं का, कुणाला विचारून कळव. जावईबापूंना सलाम. लोभ आहेच, तो पत्रातून दिसत राहू दे.

तुझा अब्बा,
पाशा मण्यार

*

दौंड,
१४ मार्च १९९८

तीर्थरूप अब्बांना अकिलाचा सलाम. वि. वि.

तुमचं पत्र आमच्या रेल्वे कॉलनीतल्या गार्डसाहेबांना वाचून दाखवलं. त्यांच्याकडे जुना रेकॉर्ड प्लेअर आहे, तबकड्या दौंडला आणा, त्यावर वाजवून ऐकू. दांडीचं ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, एकमेकींवर घासून सगळी गाणी खरवडून जातील, आधी काढायला सांगा. प्रत्येक तबकडी तिच्याच पाकिटात घालायची. उभी ठेवायची, आडवी रचायची नाही. बोट फक्त कडेला लावायचं. ऊन अजिबात नको. आणि तुम्ही फेकली तर नाहीत ना ती पाकिटं?

याला सिंगल म्हणतात. एका बाजूला एक गाणं, मागे दुसरं. इम्तियाज हॉटेलातलं काम संपवून ज्या छोट्या कंपनीत पाकिटं भरायला जायचा, तिच्याच या. मोठ्या कंपन्यांनी न घेतलेल्या पोरांची गाणी ती दोन-तीन माणसं स्वतःच काढायची. आपला इम्तियाज प्रत्येक सिंगलची पहिली प्रत स्वतःसाठी ठेवायचा. मला एकदा लिहिलं होतं, आपा, इथे मीही अब्बासारखा गोल आणि फुटणारा माल सांभाळतो.

तळेगावच्या बाजारातून तो सायकलवर काकणांची पेटी घेऊन यायचा, आठवतं? उंबऱ्यात पाय टाकायच्या आत तुम्ही विचारायचात, काही फुटलं का. एकदा गुडघा फोडून आला तरी तेच. अम्मी म्हणायची, तुमच्या अब्बाच्या सलामाची ही पद्धत आहे. मुलं अजून एकमेकांना तेच विचारून तुमची नक्कल करतात.

जेवण वेळेवर करा. रागावू नका, आणि मला आठवणीत ठेवा.

तुमची अकिला

*

शिरूर,
२ एप्रिल १९९८

चि. अकिलास दुवा. वि. वि.

पाकिटं होती, जपून ठेवली होती. सगळ्या तबकड्या आता काकणांच्या जुन्या पेटीत उभ्या आहेत. खण अगदी मापाचे निघाले, जणू त्यांच्यासाठीच केले होते. दोन्ही बाजूंना पेंढा भरला. वर ओलं गोणपाट टाकलं, मग वाटलं ओल धरेल, म्हणून काढलं. दुपारी पत्रा तापला की पुन्हा टाकतो. असं दिवसभर चालतं. बाजाराला जात नाही. मागे पेटीला कोण पाहणार?

एवढं करून नऊ नंबरची वाकली. पापडासारखी कड उचलली आहे. पाट्याखाली ठेवून पाहिली, बसत नाही. दांडीवर होत्या तेव्हाच उष्णता लागली असावी. या हातांनी लाखो काकणं हाताळली आणि पोराची एक चीज सांभाळता आली नाही.

दौंडला आणून वाजवायचं म्हणतेस, पण एसटीचे धक्के तुला माहीत आहेत. आणि सुईने ओरखडा पडला तर? मला ती गाणी कळणार नाहीत. मी नुसती कडेला धरून पाहतो. यांना त्याचं बोट लागलेलं आहे, मला तेवढं पुरे.

नातवंडांना पापे. म्हाताऱ्याला विसरू नका.

अब्बा

*

दौंड,
२० एप्रिल १९९८

तीर्थरूप अब्बांना सलाम. वि. वि.

इम्तियाजच्या मित्राचं इंग्रजी पत्र माझ्या पत्त्यावर आलं. गार्डसाहेबांनी वाचून अर्थ सांगितला. कसं लिहावं कळत नाही, म्हणून सरळ लिहिते. त्यांची कंपनी बंद पडली. ज्या तळघरात सगळा माल होता तिथे नळ फुटून पाणी भरलं आणि तबकड्यांबरोबर मूळ टेपाही गेल्या. एक ते एकतीस पूर्ण संच आता जगात एकच, तुमच्या पेटीतला. तो परत मिळाला तर गाणी उतरवून घेतील आणि संच तिथल्या ग्रंथालयात इम्तियाजच्या नावाने जपतील. पेटी आपणच पाठवली, आता परत मागायला लाज वाटते, असंही त्याने लिहिलंय.

आणखी एक. बावीस नंबरवर, निळ्या कागदाच्या बाहेर जो गुळगुळीत पट्टा असतो, तिथे इम्तियाजने, तबकड्या ज्यातून छापून निघतात त्या साच्यावरच, स्वतःच्या हाताने काही कोरलं होतं. आपल्या लिपीत. तिथे कुणालाच ते वाचता आलं नाही आणि विचारलं की तो नुसता हसायचा. काय लिहिलंय ते त्याला हवं आहे.

तुम्ही नाही म्हणालात तर मी तसं कळवीन. मला विचाराल तर मीही देणार नाही.

तब्येत सांभाळा. उत्तराकडे डोळे आहेत.

अकिला

*

शिरूर,
२४ एप्रिल १९९८

चि. अकिलास दुवा.

नाही म्हणून कळव. त्या मित्राच्या गावात इम्तियाजची कबर आहे, माझ्याकडे काय आहे? पोर गेल्याचा निरोप आला तेव्हा दफन होऊन गेलं होतं. बापाने मूठमाती द्यायची ती कुणा परक्याने दिली. शबे बरातला सगळे आपापल्या माणसांच्या कबरीवर गेले, मी तुझ्या अम्मीच्या कबरीजवळ उभा राहून त्याच्या नावाचा फातिहा हवेत पढलो. ही पेटी हीच माझी जागा आहे. लोक कबर मागायला येतात का?

कोरलेलं मी पाहिलं नाही. डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आणि पाहायची भीतीही वाटते.

राग तुझ्यावर नाही.

अब्बा

*

शिरूर,
३ मे १९९८

चि. सौ. अकिला हिस अब्बाच्या अनेक दुवा. वि. वि.

काल बावीस नंबर काढली. दारात उन्हाकडे पाठ करून बसलो. दिसेना, तेव्हा डोळे मिटले आणि काकणाची तड शोधतो तसा अंगठा त्या पट्ट्यावर फिरवला. बारीक कोरीव लागलं. मग भिंग घेऊन एकेक अक्षर लावलं. त्याचंच वळण, शाळेपासूनचं, अक्षरं मागे झुकलेली.

काही फुटलं नाही, अब्बा.

एवढंच आहे. तिथे कुणाला वाचता येणार नव्हतं, हे त्याला माहीत होतं. मी पेटी उघडेन, हे मात्र त्याला माहीत असणं शक्य नव्हतं. मग कुणासाठी कोरलं असेल? दिवसभर हाच विचार करत बसलो. सोजराबाईंनी भाकरी आणून ठेवली, ती तशीच राहिली.

संच पाठवायचा ठरवला आहे. इथे पत्र्याखाली आज नऊ वाकली, उद्या बावीस वाकेल, आणि मी नुसता पाहत बसेन. बावीस ठेवून घ्या, असं तू म्हणशील. मलाही रात्रभर तेच वाटलं. पण एक काकण कमी असलेला चुडा मी कुणाच्या हातात भरला नाही. त्याने एकतीस सांभाळल्या, तर एकतीसच जातील. स्वेटर मी ठेवला आहे.

पेंढ्यात, पाकिटासकट, उभ्या बांधल्या आहेत. हिशोबात नसलेली एक पुरचुंडी कोपऱ्यात आहे. तुझ्या अम्मीच्या कबरीच्या पायथ्याची माती आहे, तीन मुठी, माझ्या हाताच्या. त्या मित्राला गार्डसाहेबांकडून इंग्रजीत नीट लिहून दे, की ती इम्तियाजवर घालायची. सरकारी माणसांनी मधे काढून टाकली तर काय, ही काळजी आहेच, म्हणून पुरचुंडी स्वेटरच्या बाहीचा तुकडा कापून त्यात शिवली आहे.

कोरलेल्याचा अर्थ त्याला कळव. आणि पेटी पोहोचल्यावर काय फुटलं, काय वाकलं, ते मला कळवायची गरज नाही म्हणावं. माती पडली एवढं कळव.

माझ्यावर माया ठेव.

अब्बा