हवेच्या खांद्यावर हात

धाकट्या,

तुझी पुतणी लिहून घेतेय. "आजी, शिव्या गाळू का?" म्हणे. एकही गाळू नकोस म्हटलं.

अंथरुणाला खिळलेल्या तुझ्या वडिलांना सगळी मुलं एका फोटोत बघायची होती, म्हणून आम्ही स्टुडिओत गेलो. तू आलाच नाहीस. फोटोग्राफर म्हणाला, "आजी, हात असाच हवेत धरा. मुलाला मागाहून चिकटवतो." हवेच्या खांद्यावर हात ठेवून हसले मी, मेल्या!

फोटोत छान दिसतोस. वडील मात्र तेव्हापासून धड जेवत नाहीत. "धाकटा येऊन गेला, आणि मला भेटलासुद्धा नाही?" काय सांगू त्यांना?

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. फोटोमागे खोचून ठेवतेय. ऐकायला स्वतः ये.

हात अजून अवघडलेली,
तुझी आई